थोरला जागा आहे का?

आमच्या पाणीपुरवठा उपविभागातील एकमेव कार्यालयीन लॅपटॉप स्वतःच्याच पोटातलं ग्राफिक्स कार्ड ओळखायला वेळ लावतो, ही बाब प्रथम निदर्शनास आली तेव्हा ती गंभीर आहे असं कुणालाच वाटलं नाही. आमच्याकडे समोर उभा असलेला माणूस ओळखायलाही वेळ लागतो. तो काम घेऊन आला असेल तर जास्तच. त्या मानाने लॅपटॉप बरा होता. चहा येऊन निवेपर्यंत तो ओळख पटवून देत असे.

संगणकाचा प्रभार माझ्याकडे होता. त्याआधी मी आवक-जावक टेबलावर बसायचो. एकदा अडकलेला प्रिंटर मी बंद करून पुन्हा चालू केला आणि तो चालला, हे साहेबांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. त्या दिवसापासून विजेवर चालणारी प्रत्येक वस्तू माझ्या गळ्यात आली. पुढे वरून आदेश निघाला की सर्व उपविभागांनी लिनक्स वापरावं, कारण ते फुकट आहे आणि सुरक्षित आहे. यातलं फुकट तेवढं साहेबांना कळलं, सुरक्षित कुणालाच कळलं नाही, आणि बसवायचं मात्र मी. मी बसवलं. यात लिनक्सचा काडीचाही दोष नाही, हे आधीच नमूद करतो. ते बिचारं सांगितलेलं ऐकतं. आमच्या कार्यालयात सांगितलेलं ऐकणारं तेवढंच एक होतं.

या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स कार्डं दोन. त्यांना आम्ही धाकटा आणि थोरला म्हणायचो. धाकटा रोजचं बघायचा: पत्रं, तक्ते, साहेबांच्या नातीचे फोटो. थोरला भारी कामाचा. शहराच्या जमिनीखालून कुठली पाइपलाइन कुठून गेली आहे याचा मोठा नकाशा उघडायचा, तर तिथे थोरलाच लागायचा. एरवी बॅटरी वाचावी म्हणून तो झोपून असे. काम निघालं की हाक मारायची, तो उठायचा, काम करायचा, पुन्हा झोपायचा. एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला यात समजावून सांगण्यासारखं काही नाही.

साहेबांनी मात्र सुरुवातीलाच एक सुधारणा सुचवली. "पडद्यावर काहीतरी हलताना दिसलं पाहिजे हो. वरचे लोक तपासणीला येतात, स्थिर पडदा बघून त्यांना वाटतं काम बंद आहे." म्हणून मी पडद्याच्या कोपऱ्यात दोन्ही कार्डांचं तापमान दाखवणारा आकडा बसवला. तो क्षणाक्षणाला बदले. तपासणीवाले तो टक लावून पाहत आणि समाधानाने मान डोलावत. थोरला ओळख द्यायला उशीर करू लागला तो तेव्हापासूनच. पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल, हे सुचायला डोकं रिकामं असावं लागतं. माझ्या डोक्यात प्रभार होता.

अशात एके दिवशी आमच्या गल्लीचं पाणी गेलं. आमच्या म्हणजे मी राहतो त्या. गल्लीचा मुख्य व्हॉल्व्ह बसला होता, तो खणून मोकळा करायला फिटरला अर्धा दिवस पुरला असता. पण रस्त्यावर डांबराचे इतके थर चढले होते की व्हॉल्व्हचं झाकण रस्त्याच्या पोटात गडप झालेलं. तो नेमका कुठे आहे ते फक्त नकाशात होतं. खणायला परवानगी लागते, परवानगीला जागा दाखवावी लागते, जागेला नकाशा लागतो आणि नकाशाला थोरला. मी नकाशा उघडला. पडद्यावर अक्षरं आली: "ग्राफिक्स उपकरण शोधत आहे." चहा आला, निवला, त्यावर साय धरली, तरी अक्षरं जागची हलली नाहीत.

घरी आम्ही तिसऱ्या मजल्यावर. सकाळी, आणि कधी पुन्हा दुपारी किंवा संध्याकाळीही, गल्लीच्या तोंडाशी टँकर यायचा. बादल्या, पातेली, कुकर, फुलदाणी, ज्याला म्हणून तळ आहे ते सगळं भरून ठेवलेलं. त्यात सासू-सासरे मुक्कामाला आलेले. सासऱ्यांना झोप येत नव्हती, म्हणून डॉक्टरांना दाखवायला. माझी बायको शाळेत गणित शिकवते. दोन बादल्या वर नेऊन, अंघोळ उरकून, डबा भरून ती शाळेत जायची. जिन्याच्या वळणावर कंबर धरून थांबलेली दिसली की मला मनापासून वाईट वाटे. वाईट वाटत असताना मी वरच्या वळणावर उभा असे, पाणी सांडत नाही ना ते बघत.

"अहो, पाणी तुमच्याच ऑफिसातून सुटतं ना?" एकदा तिने विचारलं.

"हो."

"मग अडलंय कुठे?"

"थोरला उठत नाहीये."

"भाऊजींना कशाला पाण्याच्या भानगडीत ओढताय?" ती म्हणाली. मग मी तिला दोन्ही कार्डांची कुळकथा सांगितली. तिने ती शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि बादली उचलली.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या कानावर घातलं. साहेबांनी चष्मा काढला. चष्मा काढला की साहेब धोरण ठरवतात.

"उशीर होतो म्हणता. किती होतो?"

"मोजला नाही साहेब."

"मग होतो हे कशावरून? मोजल्याशिवाय उशीर हा उशीर नसतो, ती नुसती तक्रार असते. आधी मोजा."

मोजण्यासाठी मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो थोड्या थोड्या वेळाने थोरल्याला विचारी: "जागा आहेस का?" थोरल्याने उत्तर दिलं की हिरवा ठिपका, नाही दिलं की लाल. आठवडाभरात सिद्ध झालं की उशीर होतोच, शिवाय तो वाढत चालला आहे. साहेबांना आनंद झाला. "बघा! मोजलं नसतं तर वाढतोय हे कळलं असतं का?" त्यांनी विचारलं. नसतं कळलं, हे मलाही मान्य करावं लागलं.

उपाय शोधायला मी लिनक्सवाल्यांच्या एका फोरमवर गेलो. तिथे जगभरची जाणती माणसं बसलेली असतात आणि ती कुणालाही निराश करत नाहीत, फक्त उत्तर देत नाहीत. पहिला म्हणाला, हा प्रश्न आधीच विचारून झाला आहे, शोधण्याचे कष्ट घ्या. मी घेतले. सापडला. त्याखाली लिहिलं होतं: हा प्रश्न आधीच विचारून झाला आहे. दुसऱ्याने विचारलं की मुळात चित्रं हवीतच कशाला, तो स्वतः काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं वाचून संसार करतो आणि सुखी आहे. तिसरा म्हणाला, मलाही हाच त्रास होता, आता गेला, सर्वांचे आभार. कसा गेला ते त्याने लिहिलं नव्हतं. मी त्याला विचारलं, तर उलट टपाली त्याने अंगठा दाखवला. चौथा व पाचवा कुठलं लिनक्स थोर यावर हमरीतुमरीवर आले आणि माझ्या प्रश्नाच्या अंगणात त्यांचं भांडण अजूनही चालू आहे.

इकडे साहेबांच्या लक्षात आलं की एकच माणूस एकच ठिपका बघतो, हे काही खरं नाही. माणूस आहे, डोळा लागू शकतो. नकाशा नसल्यामुळे फिटर लोक तसेही रिकामे बसले होते. त्यांच्या हातून पाने काढून घेऊन त्यांना अडगळीतल्या जुन्या संगणकांपुढे बसवण्यात आलं. प्रत्येकाला स्वतःचा ठिपका मिळाला. प्रत्येक ठिपका थोरल्याला स्वतंत्रपणे विचारी, कारण एकाच्या उत्तरावर दुसऱ्याने विसंबून राहणं नियमात बसत नव्हतं. या व्यवस्थेला "ग्राफिक्स ओळख कक्ष" असं नाव पडलं आणि कक्षाला प्रमुख लागतो म्हणून मी प्रमुख झालो. मला केबिन मिळाली. तिचं दार लागत होतं. आमच्या इमारतीत दार लागणारी ती दुसरीच खोली.

सासूबाई मुद्दाम दारावरची पाटी बघायला आल्या. "जावईबापू, नशीब काढलंत हो," त्या म्हणाल्या. पाटीपाशी उभ्या राहून त्यांनी फोटो काढून घेतला. मीही छाती फुगवून उभा राहिलो. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

थोरल्याची अवस्था मात्र लग्नघरातल्या पाहुण्यासारखी झाली होती. जरा पाठ टेकली की कुणीतरी हलवून विचारणार, "झोपलात का?" झोपायला लागतो न लागतो तोच उठवायचं, उठून बसतो न बसतो तोच झोपायची वेळ. ना धड झोप, ना धड जाग. अशा स्थितीत त्याला नकाशा उघड म्हटलं, तर तो कुठल्या डोळ्याने उघडणार? पण हे मला आता कळतं आहे. तेव्हा मी ठिपक्यांचा साप्ताहिक अहवाल करण्यात गुंतलो होतो.

गल्लीतली माणसं कार्यालयात चकरा मारू लागली. त्यांचा त्रास वाचावा या उदात्त हेतूने वरच्या कचेरीने फोनसाठी एक ॲप काढलं. त्यात एकच बटण: "माझ्या पाण्याची स्थिती." बटण दाबलं की प्रश्न थेट आमच्या लॅपटॉपला जाई, लॅपटॉप थोरल्याला उठवून विचारी, आणि नागरिकाला उत्तर मिळे: "शोधत आहे." लोकांना ते फार आवडलं. आजवर त्यांना कुणी काही सांगतच नव्हतं. आता निदान शोधत आहे असं तरी सांगत होतं. सकाळी उठल्या उठल्या दाबायचं, टँकरच्या रांगेत दाबायचं, जेवताना डाव्या हाताने दाबायचं. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला एका हाताने इस्त्री फिरवी आणि दुसऱ्याने बटण. त्या महिन्यात त्याने दोन सदरे जाळले.

एका दुपारी शाळेला सुट्टी होती. सासरे आतल्या खोलीत आडवे झाले होते. डॉक्टरांनी नवी गोळी दिली होती. जेवायला घरी आलेला मी टँकरची बादली घेऊन वर आलो (बायकोने त्या दिवशी कंबर दाखवून मला खाली पिटाळलं होतं). तेवढ्यात सासूबाईंनी आतलं दार किलकिलं केलं.

"अहो, लागली का झोप?"

"लागत होती," आतून उत्तर आलं.

सासूबाई दार लोटून आल्या, गवार निवडत बसल्या, चार शेंगा मोडल्या आणि पुन्हा उठल्या. "अहो, आता लागली का?"

"आता लागतच होती."

"बघा जावईबापू," त्या हताशपणे म्हणाल्या, "डोळ्याला डोळा म्हणून लागत नाही यांचा. गोळी बदलायला हवी."

"आई," बायको पेपर तपासता तपासता म्हणाली, "गोळी राहू दे. तू तासभर विचारू नकोस. लागेल त्यांना झोप."

"अगं, पण न विचारता मला कळणार कसं?"

मी बादली होती तिथेच ठेवली. बायको म्हणाली, "अहो, उंबऱ्यात काय ठेवताय, कुणीतरी अडखळेल." पण मी तोवर अर्धा जिना उतरलो होतो.

साहेब केबिनमध्ये होते. मी धापा टाकत सांगितलं, "साहेब, सापडलं! कार्डात दोष नाही. आपण त्याला झोपू देत नाही. विचारणं बंद केलं की झालं."

साहेबांनी चष्मा काढला. "विचारणं बंद केलं, तर तो ओळख देतोय की नाही हे आपल्याला कळणार कसं?"

हाच प्रश्न मी नुकताच घरी ऐकला होता. फक्त सासूबाई तो बिनपगारी विचारत होत्या.

"नकाशा उघडेल ना साहेब."

"नकाशा उघडला म्हणून कार्ड ओळखलं गेलं, हा तुमचा अंदाज. अंदाजावर मी सही करत नाही." मग त्यांचा आवाज खाली आला. "आणि कक्षाचं काय? तुमचं काय? विचारायचंच नसेल तर ओळख कक्षात बसून तुम्ही करणार काय?"

तरी साहेब मनाचे मोठे. त्यांनी प्रयोगाला मंजुरी दिली. एक दिवस सर्व ठिपके बंद ठेवायचं ठरलं. मात्र खरोखरच कुणी विचारत नाही ना, यावर देखरेख ठेवायला एक उपसमिती नेमली गेली. तिने देखरेखीसाठी एक प्रोग्रॅम करून घेतला. तो लॅपटॉपला सारखा विचारी: "थोरल्याला कुणी उठवतंय का?" लॅपटॉप थोरल्याला उठवून विचारी आणि उत्तर देई: "नाही." प्रयोग फसला, असा अहवाल गेला.

मग मी गल्लीतल्या लोकांनाच शरण गेलो. त्यांना इमारतीखाली जमवून हात जोडले. "फक्त उद्याची सकाळ. एक सकाळ कुणीही बटण दाबू नका. पाणी आणून दाखवतो." सगळ्यांना पटलं. गल्लीचे सेक्रेटरी म्हणाले, मी नाही दाबणार, पण वरच्या मजल्यावरच्यांची खात्री देत नाही. वरचे म्हणाले, आम्ही कशाला दाबू, खालच्यांकडे लक्ष ठेवा. इस्त्रीवाल्याने शपथ घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी ॲप सुरू झाल्यापासूनची सर्वांत जास्त बटणं दाबली गेली. बाकीचे दाबत नाहीत ना, हे प्रत्येक जण बघत होता. वरच्या कचेरीने तो आकडा पाहून आमच्या उपविभागाला लोकसहभागाचा चषक दिला. साहेबांनी तो लॅपटॉपशेजारी ठेवला.

चषक मिळाला त्याच दिवशी संध्याकाळी मी घरी येत होतो, तर बायको दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसली होती. शेजारी भरलेली बादली.

"काय झालं गं?"

"काही नाही. जरा बसले." ती उठली नाही. बादलीकडे बघत म्हणाली, "तुम्हाला बंद करता येतं ना ते? सगळं एकदम?"

"येतं. लॅपटॉपची नेटवर्कची वायर काढली की कुणाचाच प्रश्न आत जात नाही."

"मग?"

"मग कक्ष राहत नाही. मी पुन्हा आवक-जावकला."

ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने गुडघ्यावर हात टेकून स्वतःला उठवलं आणि बादलीला हात घातला. मला लाज वाटली. पण नुसती लाज वाटून बादली वर जात नाही, हेही त्याच वेळी दिसत होतं. मी बादली तिच्या हातातून घेतली.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी कार्यालयात गेलो. पहारेकऱ्याने कुलूप उघडून दिलं, वर विचारलंही नाही. प्रमुखाला कोण विचारतो? कक्षात एकही माणूस नव्हता, पण सगळे ठिपके लुकलुकत होते. मी तापमानाचा आकडा बंद केला आणि वायर ओढली. ठिपके एकेक करत राखाडी झाले. थोरल्याला जरा वेळ मुकाट झोपू दिलं. मग नकाशा उघडायला सांगितलं.

तो उठला आणि नकाशा उघडला. चहा मागवायचीसुद्धा उसंत मिळाली नाही. सगळं शहर जमिनीखालून वर आलं, निळ्या-तांबड्या रेघांसकट, आणि आमच्या गल्लीचा व्हॉल्व्ह इस्त्रीवाल्याच्या ओट्यासमोर स्पष्ट दिसला. मी सर्वांत जुन्या फिटरला फोन केला. पाना हातात घ्यायला मिळणार म्हणून तो पायात वेगवेगळ्या चपला घालून धावत आला. परवानगी नव्हती, पण खड्डा काही परवानगी बघून पडत नाही. डांबर फुटलं, झाकण निघालं, व्हॉल्व्ह करकरला आणि खालून आवाज सुरू झाला.

मी तीन मजले धावत चढलो. बायको स्वयंपाकघरात उभी होती. नळ सोडलेला होता आणि ती धारेखाली नुसतेच हात धरून उभी होती. मग तिने तोंड धुतलं. पुसलं आणि पुन्हा धुतलं. "आलं हो," ती म्हणाली. मला त्या क्षणी चषक, पाटी, केबिन काहीही नको होतं.

मागून सासूबाई आल्या. हातात फोन. "आलं कसं म्हणतेस? यात तर काहीच दिसत नाही." वायर काढल्यामुळे ॲपवर अक्षरं आली होती: "स्थिती अज्ञात."

तोवर खाली गलका वाढला होता. मी उतरलो. अख्खी गल्ली फोन हातात घेऊन जमली होती. मला वाटलं, हार घालायला आलेत.

"काय चाललंय काय?" सेक्रेटरी गरजले. "सकाळपासून स्थिती अज्ञात! काल निदान शोधत तरी होते!"

"अहो, नळाला पाणी आलंय," मी म्हटलं.

"नळाचं काय घेऊन बसलात? नळ आज आहे, उद्या नाही. अधिकृत काय आहे ते बोला."

"तुमच्या घरी नळ सोडून तरी बघा."

"सोडला मी," इस्त्रीवाला मागून म्हणाला. "आलंय पाणी. पण मी वापरलं नाही. उद्या म्हणाले, हे पाणी तुमचं नव्हतंच, तर?"

ही शंका सगळ्यांना एकदम पटली. मोर्चा तसाच साहेबांच्या घरी गेला. साहेब घरच्या कपड्यांतच कार्यालयात आले, त्यांनी स्वतःच्या हाताने वायर खोचली आणि सगळ्यांच्या फोनवर पुन्हा उमटलं: "शोधत आहे." टाळ्या पडल्या. एका आजोबांना तर गहिवरून आलं.

सोमवारी साहेबांनी मला बोलावलं. "तुम्ही विनापरवानगी पाणी सोडलंत."

"हो साहेब."

"ते बंद करायचं म्हणजे पुन्हा व्हॉल्व्ह शोधावा लागेल. खड्डा तर रस्तेवाल्यांनी लगेच बुजवून वर डांबर टाकलं. नकाशा उघडत नाही. म्हणजे ते चालूच राहणार." त्यांनी उसासा टाकला. "पण दप्तरी ते पाणी नाही, हे लक्षात ठेवा."

दप्तरी पाणी नाही म्हणून टँकर चालू राहिला. टँकर चालू असताना जो रांगेत दिसत नाही, त्याच्या घरी अनधिकृत पाणी येत असणार, हे उघड आहे. तसे लोक हुडकायला ओळख कक्षातून एक पथक नेमलं गेलं. त्यामुळे आता गल्लीतलं प्रत्येक घर रोज सकाळी रांगेत उभं असतं. घरी नळ वाहत असतो, त्याखाली भांडं लावून माणसं टँकरला येतात, बादली भरतात, वर नेतात, आणि जिन्यात बटण दाबून बघतात. मी आवक-जावकला परत गेलो. दोन्ही बादल्या आता मी उचलतो. बायकोने तेवढी एक अट घातली आणि ती मला मान्य आहे. केबिनमध्ये नवे प्रमुख बसतात. पाटी पाहायला त्यांच्याही सासूबाई येऊन गेल्या म्हणतात.

तुम्हाला हसू येत असेल. काय ही माणसं, डोळ्यांसमोर पाणी वाहतंय आणि बघतात फोनमध्ये! हसा. परवा सकाळी फिरायला निघालेले तुम्ही कोपऱ्यावरून माघारी आलात, तेव्हा मी या रांगेतच उभा होतो. पावलं मोजणारं घड्याळ घरी राहिलं म्हणून ते आणायला गेलात ना? ते चार्ज झालेलं नव्हतं, तर मग फिरायलाच गेला नाहीत. मोजलं न जाणारं चालणं चालून उपयोग काय, असं घरात म्हणालात, ते खालपर्यंत ऐकू आलं. संकोच करू नका, या. माझ्या मागे जागा आहे. बादली आणलीत ना?